न हलणारा डाग

यांचा खोकला सुरू झाला तो गणपतीनंतर. यांचा म्हणजे माझ्या नवऱ्याचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी त्यांना कधी नावाने हाक मारलेली नाही, आणि आता लिहायला बसले तरी ते जमणार नाही.

लालबागमध्ये गणपतीनंतर कोण खोकत नाही? धूळ, गुलाल, धूप, रात्रंदिवस चालू असलेली गर्दी, सगळ्यांचेच घसे बसलेले असतात. त्यात हे भजनी मंडळाचे बुवा. गणपतीत रोज कुठल्या ना कुठल्या घरी भजन असतं, त्यामुळे त्यांचा घसा बसला तर आम्ही ते कामाचा भाग म्हणून सोडून द्यायचो. सासूबाई आल्याचा काढा द्यायच्या, हे तो नाक धरून प्यायचे, आणि दसऱ्यापर्यंत आवाज परत यायचा.

त्या वर्षी दसरा गेला, दिवाळी गेली, खोकला राहिला.

आमचं घर करी रोडला. पूर्वी तिथेच आमची चाळ होती, ती पाडून टॉवर झाला आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरून एकदम सतराव्यावर गेलो. हे लालबागमधल्या एका छापखान्यात कामाला. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, आरतीसंग्रह असली कामं. मी गिरगावातली, वडील कारकून, आणि मी स्वतः पालिकेच्या शाळेत शिक्षिका. घरात सासूबाई, त्या अजून मालवणीच बोलतात. एक मुलगी, ती लग्न होऊन दादरला राहते, तिला दोन लहान मुलं. एवढीच आमची माणसं.

खोकल्यापेक्षा मला आधी वेगळंच काहीतरी जाणवलं. गजर म्हणताना हे एक ओळ लांब खेचून वर नेतात आणि तिथे थोडा वेळ थांबतात, मग मागची सगळी मंडळी ती उचलतात. त्या दिवाळीत हे वर जायच्या आतच ओळ सोडून द्यायला लागले. मागच्यांना वाटलं, बुवांनी चाल बदलली. घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "दम पुरत नाही गं. वय झालं."

चिंचपोकळीला आमचे जुने डॉक्टर आहेत, ज्यांनी माझ्या मुलीला पहिलं इंजेक्शन दिलं ते. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला. उजव्या फुफ्फुसात खाली एक पांढरा डाग होता. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. गोळ्या दिल्या. खोकला कमी झाला आणि मी निर्धास्त झाले. महिन्याभराने पुन्हा फोटो काढला तर डाग तिथेच. ताप नव्हता, थुंकीत रक्त नव्हतं, फक्त खोकला, थोडी धाप, आणि पँटचा पट्टा एका भोकाने आत गेलेला.

डॉक्टरांनी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी थुंकी तपासली, पुन्हा तपासली. टीबीचे जंतू सापडले नाहीत. तरी ते म्हणाले, औषधं टीबीची सुरू करू.

मला ते पटेना. जंतू नाहीत तर टीबी कसा? डॉक्टर शांतपणे म्हणाले की मुंबईत असा डाग दिसला आणि तो साध्या औषधाने गेला नाही, की आधी टीबीच धरावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो टीबीच निघतो. आता मागे वळून बघताना मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. त्यांच्या दारात रोज जी माणसं येत होती त्यांना टीबीच होता.

घरी आल्यावर मी यांचं ताट-वाटी वेगळं काढायला घेतलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. माझे सासरे गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते आणि खोकून खोकून गेले, एवढंच मला ठाऊक होतं. सासूबाई त्या विषयावर कधी बोलत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, "तुज्या सासऱ्याक पण असोच खोकलो होतो. तेवा पण लोकांनी टीबीच म्हटल्यानी. टीबी नाय गो, कापसान खाल्ल्यान तेका." आणि मी बाजूला काढलेलं ताट उचलून त्यांनी परत सगळ्यांच्या ताटांत ठेवलं.

मी त्यांना समजावून सांगितलं की सासरे गिरणीत होते, हे तर छापखान्यात आहेत, कापसाचा काय संबंध. पण बोलता बोलता माझ्याच मनात आलं, छापखान्यात कागदाची भुकटी असते, शाई असते, ती साफ करायचं रॉकेल असतं. तीस वर्षं हे त्यात श्वास घेताहेत. मग टीबी कशावरून? शाळेत मी मुलांना एका प्रश्नाचं एक उत्तर शिकवते. इथे एका डागाला दोन उत्तरं होती, टीबी आणि छापखाना, आणि दोन्ही खरी वाटत होती.

टीबीच्या गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची, जेवणावरची वासना गेली, हे चिडचिडे झाले. छापखान्यात त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मंडळातही नाही. भजनाला जायचं त्यांनीच बंद केलं, कारण तिथे शेव-चिवडा एका ताटात येतो आणि चहाचे कप एकमेकांत फिरतात. उन्हाळा लागेपर्यंत हा प्रकार चालला. फोटोतला डाग मात्र ना वाढला ना घटला. जणू कुणी पेन्सिलीने काढून ठेवलाय.

तेव्हा मुलगी म्हणाली, आपण दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या. तिच्या ओळखीने दादरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण, हसतमुख, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी सीटी स्कॅन काढून घेतला, आणि मग यांना घराबद्दल विचारायला सुरुवात केली. गादी कसली आहे, भिंतीला ओल आहे का, एसी आहे का, पक्षी पाळलेत का.

"पाळलेले नाहीत," हे म्हणाले, "पण कबुतरं आहेत."

कबुतरं होतीच. सतराव्या मजल्यावर आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर, एसीच्या डब्याखाली, सगळीकडे. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू त्यांना ज्वारी घालतात. चाळीत असल्यापासून घालताहेत. चाळीत ती कबुतरं पत्र्यावर बसायची, टॉवरमध्ये त्यांना आमची खिडकी मिळाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या भुकटीने फुफ्फुसाला सूज येते, हल्ली मुंबईत असे पुष्कळ पेशंट दिसतात. यांच्या स्कॅनमध्ये तसंच काहीसं आहे, अगदी नेमकं तसं नाही, पण जवळपास. टीबीची औषधं थांबवली आणि स्टेरॉइड सुरू केलं. खिडक्यांना जाळ्या बसवायला सांगितल्या.

काकूंना सांगायला मी गेले. शब्द जुळवत होते, पण त्यांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. दाण्यांचं पातेलं आत नेऊन ठेवलं आणि म्हणाल्या, "मी इतके दिवस पुण्य समजून करत होते."

आणि हे बरे झाले. खरोखर बरे झाले. पंधरवड्यात खोकला गेला, भूक परत आली, चेहरा जरा गोल झाला. आषाढात मंडळाने आग्रह केला आणि हे भजनाला बसले. मी मागच्या रांगेत होते. ती लांब ओळ त्यांनी वर नेली, तिथे ठेवली, आणि मी श्वास रोखून बसले होते ते माझं मलाच नंतर कळलं. काकूही आल्या होत्या. भजन संपल्यावर त्या सगळ्यांना सांगत होत्या की दाणे बंद केले आणि बुवांचा आवाज परत आला. त्यांना कुठेतरी बरंही वाटत होतं आणि वाईटही.

मग स्टेरॉइडची गोळी हळूहळू कमी करायची होती. ती अर्ध्यावर आली आणि खोकला परत आला. पुन्हा वाढवली, गेला. कमी केली, आला. जाळ्या जागच्या जागी होत्या, कबुतर एकही नव्हतं. मी खिडकीचे कट्टे रोज फिनाइलने पुसत होते. नवा स्कॅन काढला तर उजव्या बाजूचा डाग होता तिथेच, आणि डाव्या बाजूला आणखी एक छोटा.

डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच भरभर बोलल्या नाहीत. बराच वेळ स्कॅन बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं ते हे नाहीये. काय आहे ते मला आत्ता सांगता येणार नाही." मला त्यांचा राग यायला हवा होता बहुतेक, पण त्या क्षणी त्या मला एकदम विश्वासातल्या वाटल्या. त्यांनी दुर्बीण आत घालून तुकडा काढवला. रिपोर्ट आला: सूज आहे, पांढऱ्या पेशी जास्त आहेत, टीबी नाही, कॅन्सर दिसत नाही.

"कॅन्सर दिसत नाही" हे वाचून मुलीने मला मिठी मारली. यांनी देवापुढे साखर ठेवली. मग हे एकदम म्हणाले, "पण मग आहे काय?" कुणीतरी कॅन्सरचं नाव घेतलं होतं हेच आम्हाला त्या कागदावरून प्रथम कळलं होतं.

डॉक्टरीणबाईंचं समाधान झालेलं नव्हतं. तुकडा फार छोटा होता, त्या म्हणाल्या, आणि या पांढऱ्या पेशी इतक्या दाटीने का जमल्यात ते कळायला हवं. त्यांनीच आम्हाला परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं.

परळच्या डॉक्टर वयस्कर होत्या. त्यांनी यांना कमी आणि फोटोंना जास्त वेळ दिला. गणपतीनंतरच्या पहिल्या फोटोपासून सगळे एका रांगेत लावले. मग आम्हाला जवळ बोलावलं आणि सांगितलं की टीबी असता तर औषधाने कमी झाला असता, नाहीतर पसरला असता. न्यूमोनिया इतके महिने राहत नाही. कबुतरांची सूज अशी एका जागी ठाण मांडून बसत नाही. "जे इतकं स्वस्थ बसलंय," त्या म्हणाल्या, "त्याचा मला जास्त संशय येतो."

यांना पालथं झोपवून, स्कॅनमध्ये बघत बघत, पाठीतून सुई घालून मोठा तुकडा काढला. पण तपासण्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. दुर्बिणीतून काढलेला जुना तुकडा दादरच्या लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला होता, तोही त्यांना हवा होता. शेजारी शेजारी ठेवून बघायचा होता. तो आणायला मी गेले. लॅबच्या खिडकीतल्या माणसाने सही घेतली आणि एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी हातात दिली. आत खडूच्या तुकड्याएवढा मेणाचा ठोकळा, आणि त्यात तिळाएवढं काहीतरी करडं.

दादरहून परळला मी बसने गेले. पर्स मांडीवर धरून ठेवली होती. शेजारी एक बाई फुलांच्या वेण्यांची टोपली घेऊन बसली होती, ती सारखी माझ्या पर्सवर रेलत होती. मला तिला सांगावंसं वाटत होतं की बाई, जरा सांभाळून, यात माझ्या नवऱ्याच्या फुफ्फुसाचा तुकडा आहे. आणि हे घरी बसून आमटीभात जेवत असतील, हेही मनात येत होतं. ते कुठे होते नेमके, घरी की माझ्या मांडीवर, असा वेडा विचार मी हिंदमातापर्यंत करत होते.

तुकड्यांवर वेगवेगळे रंग टाकून पेशी ओळखतात म्हणे. त्याला वेळ लागला. मुलगी तोपर्यंत मोबाइलवर वाचायची आणि जितकं वाचायची तितकी कमी बोलायची. सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही. फक्त यांच्या पानात माशाचा मधला तुकडा वाढायला लागल्या, जो पूर्वी पतवंडांसाठी राखून ठेवायच्या.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी यांच्याकडे बघूनच सांगितलं, माझ्याकडे नाही. ते मला आवडलं.

त्या म्हणाल्या, "हा लिम्फोमा आहे. रक्ताच्या कॅन्सरचा एक दुर्मीळ प्रकार. तो फुफ्फुसात सुरू होतो."

हे म्हणाले, "म्हणजे मला टीबी नाही?"

"नाही."

आणि हे हसले. मी सांगते, त्यांना आनंद झाला होता. इतके महिने मंडळात कुणाच्या कपाला हात लावला नव्हता, नातवंडांना जवळ घेतलं नव्हतं, त्या सगळ्यातून सुटल्यासारखं झालं त्यांना. मुलगी रडत होती आणि बाप हसत होता, आणि मी कुणाकडे बघावं ते मला कळत नव्हतं.

मी शाळेतल्यासारखं बोट वर केलं असणार, कारण डॉक्टर माझ्याकडे वळल्या. मी विचारलं की रक्ताचा कॅन्सर तर रक्तात दिसायला नको का? यांचं रक्त इतक्यांदा तपासलं, प्रत्येक वेळी ठीक आलं.

त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी आजारांशी लढतात, त्या रक्तातच राहतात असं नाही. त्या अंगभर फिरतात, फुफ्फुसातही जातात. यांच्या फुफ्फुसात त्यातल्या काही पेशी राहिल्या आणि तिथेच वाढत गेल्या. जात रक्ताची, पण मुक्काम छातीत. वाढ अगदी सावकाश. म्हणून फोटोत दिसतं न्यूमोनियासारखं, वागतं टीबीसारखं, आणि स्टेरॉइडने या पेशीही थोड्या दबतात म्हणून मधे बरं वाटलं. "आधीच्या कुणी हयगय केली असं समजू नका," त्या म्हणाल्या. "हा बहुतेकांना चकवतो."

पुढचं तर मला मुळीच समजेना. त्या म्हणाल्या, हा कॅन्सर असला तरी सौम्य आहे. काहींना तर आम्ही औषधही देत नाही, नुसतं लक्ष ठेवतो. मी म्हटलं, कॅन्सर आहे आणि औषध द्यायचं नाही? आमच्या नात्यात ज्यांना ज्यांना झाला त्यांना दुसऱ्या दिवशी दाखल करून घेतलं होतं. त्या हसल्या. यांना धाप लागते आणि डाग दोन्हीकडे आहेत, म्हणून यांना औषध देऊ, म्हणाल्या. आधी कमरेच्या हाडातली मज्जा तपासली. ती स्वच्छ निघाली.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगणं भाग होतं. हे त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, छातीत गाठीसारखं आहे, सलाइनमधून औषध घ्यायला लागेल. सासूबाईंनी विचारलं, "कापसाचा नाय मां?" हे म्हणाले, "नाय गे आये." त्यांनी मान हलवली. एवढं ऐकायचं होतं त्यांना. बाकी काही विचारलं नाही, पण त्या संध्याकाळी मी त्यांना सासऱ्यांच्या फोटोसमोर बराच वेळ बसलेलं पाहिलं.

समोरच्या काकूंनाही मी सांगितलं, कारण त्यांच्या मनावरचं ओझं मला दिसत होतं. म्हटलं, काकू, कबुतरांमुळे काही झालं नव्हतं. त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग जरा वेळाने विचारलं, "मग दाणे परत घालू?" डॉक्टर म्हणाल्या होत्या की यांच्या आजाराशी कबुतरांचा संबंध नाही, पण फुफ्फुसाला ती चांगलीही नाहीत. मी तेच सांगितलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे हो की नाही?" शेवटी त्यांनी स्वतःच ठरवलं, आणि आता त्या ज्वारी पिशवीत घेऊन चौपाटीला जातात.

औषधाचे दिवस वाटलं होतं तितके भयंकर गेले नाहीत. हात गार पडायचा, अंगाला थंडी वाजायची, परिचारिका थेंबांचा वेग कमी करायच्या आणि हे झोपून जायचे. शेजारच्या खुर्चीत एक मुलगी होती, तिचे केस गेले होते. यांचे गेले नाहीत. छापखान्यातले लोक भेटायला आले तेव्हा यांच्या डोक्याकडे बघत राहिले. एकाने तर मला बाहेर नेऊन विचारलं, "वहिनी, नक्की कॅन्सरच आहे ना?" त्याला वाटत होतं आम्हाला कुणीतरी फसवतंय. आणि खरं सांगते, काही दिवस मलाही तसंच वाटत होतं. बसने शाळेत जाताना मनात यायचं, न्यूमोनिया, टीबी, कबुतरं, आणि आता चौथी चिठ्ठी निघाली ही. पाचवी कशावरून निघणार नाही?

पाचवी निघाली नाही. पुढच्या स्कॅनमध्ये डावीकडचा डाग गेला होता. उजवीकडचा आक्रसून बोटभर रेघेएवढा झाला होता. इतक्या महिन्यांत तो प्रथमच हलला होता. हे छापखान्यात जायला लागले. भजनाला बसतात, पण लांब ओळ आता त्यांच्या हाताखाली तयार झालेले दुसरे बुवा घेतात. हे तोंडाने नुसती साथ करतात, आणि मला वाटतं त्यांना त्याचं फार दुःख नाही.

परवा पुन्हा परळला जाऊन आलो. मी डॉक्टरांना विचारलं की ती रेघ राहिली आहे ती रोग आहे की रोगाचा वण? त्या म्हणाल्या, नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. परत आला तर सावकाश येईल, आणि आला तर पुन्हा औषध आहे. हे "बरं" म्हणून उठले. त्यांना पुरलं तेवढं. मला पुरलं नाही.

बाहेर येऊन आम्ही रस्ता ओलांडायला थांबलो होतो तर गावाहून यांच्या चुलतभावाचा फोन आला. काय रे, बरं नव्हतं ऐकलं. हे म्हणाले, खोकला होता, बरा झाला, आणि भातकापणीबद्दल बोलायला लागले.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अहो, सांगायचं ना त्यांना खरं काय ते."

"तू सांग की," हे म्हणाले. "एका वाक्यात सांग, मी पाठ करतो."

मी शिक्षिका आहे, मला वाटलं जमेल. मी सुरुवात केली, फुफ्फुसात रक्ताचा, पण रक्तात नसलेला, कॅन्सर आहे पण तसा नाही. गाड्या थांबल्या. हे माझा हात धरून रस्ता ओलांडायला लागले, आणि मी अजून वाक्य जुळवतच होते.